दगडातल्या बांगडीची कहाणी

ऐका खडकाई देवी, तुमची कहाणी.

ही कहाणी बाईनं सांगायची आणि बायांनी ऐकायची, अशी रीत. पण सांगणारी मावशी गेली, आणि आज सुनेनं पाट मांडून मलाच बसवलं. तेव्हा सांगतो. सगळं नीट आठवतं असं मात्र नाही. नगराचं नाव आटपाट होतं की दुसरंच काही, याची खात्री देववत नाही. शेवटी एक बांगडी येते, ती कुणाची, यावर तर आमच्या घरात दोन मतं होती, आणि मी कधी या बाजूला असे, कधी त्या. ही कहाणी कुठल्या पोथीत नाही, त्यामुळे ताडून पाहायची सोय नाही. चुकेल तिथे देवीनं सांभाळून घ्यावं.

तर एक नगर होतं. नगराला डोंगर होता, डोंगराला खाण होती, खाणीच्या पायथ्याशी पाथरवटांची आळी होती. डोंगराच्या माथ्यावर खडकाईचं देऊळ होतं, देवळापुढे दगडी नंदी होता. त्या आळीत हैबती नावाचा पाथरवट राहत होता. नाव हैबती, पण माणूस मऊ. त्याची बायको भिवरा. घरात एक म्हातारी सासू, पाळण्यात एक तान्ही लेक.

त्या नगरात दगडाची एक रीत होती. देवाचा दगड पुरुषानं घडवायचा, राजाचा दगड पुरुषानं घडवायचा, वेशीचा दगड पुरुषानं घडवायचा. बाईची टाकी त्याला लागली तर दगडाला तडा जातो, देवी कोपते, घरधन्याचा हात झडतो, असं सगळे सांगत. कुणाचा हात झडलेला कुणी पाहिला नव्हता, पण सांगत सगळे.

मग बाया काय करत? डोक्यावर पाटी घेत, पाटीत टाकी आणि लहान हातोडी घेत, दारोदार हिंडत. ‘पाट्याला टाकी लावायची का, जात्याला टाकी लावायची का,’ असं ओरडत. वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो, मग त्यावर मसाला सरकतो, वाटला जात नाही. त्याला ठोकून ठोकून पुन्हा खरखरीत करायचं, हे त्यांचं काम. पण त्याला काम कुणी म्हणत नसे. घरी पाहुणा आला, त्यानं विचारलं, ‘बायको काय करते?’ तर पाथरवट म्हणे, ‘काही नाही, घरीच असते.’ आणि बायको तेव्हा उन्हातून येऊन अंगावरची दगडाची भुकटी झटकत असे.

प्रत्येक घरात खुंटीला एक मोठी, मानाची हातोडी असे. बापाकडून मुलाकडे यायची. राजानं सांगितलेलं काम ज्या घरानं पुरं केलं नाही, त्या घराची हातोडी कारभारी काढून नेई. हातोडी गेली की त्या घराला खाण बंद, आळी बंद. मग त्यांनी कुठं जावं, हे कुणी सांगत नसे.

एके दिवशी दवंडी आली. राजा खडकाईपुढे दीपमाळ बांधतो आहे, काम हैबतीच्या घराला दिलं आहे, खंडेनवमीच्या संध्याकाळी दिवे लागले पाहिजेत, नाहीतर हातोडी जमा. हैबतीनं दवंडी ऐकली. पागोट्याला हात लावून मुजरा केला. आणि खोकला आला.

खोकला आजचा नव्हता. दगडाची भुकटी छातीत बसली होती. त्यानं चौथरा बांधला, पहिला थर लावला, दुसरा थर लावला, तिसऱ्या थराला हातोडी उचलली आणि तिथेच बसला. उठवेना. भिवरा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो म्हणाला, ‘भिवरे, माझ्यानं होत नाही.’ ती म्हणाली, ‘मग माझ्यानं होईल.’ तो म्हणाला, ‘देवीचा दगड आहे.’ ती म्हणाली, ‘देवीनं अजून मला नको म्हटलेलं नाही. ती हातोडी इकडे द्या.’

मग त्यांनी काय केलं? डोंगरावर चौथऱ्याशेजारी पाल उभारलं. पालात दगड आणायचे, घडवायचे, घडलेला दगड बाहेर सरकवायचा. वर चढवायला राजाचे गडी होते, त्यांनी आत यायचं नाही. सांगायचं काय, तर पाथरवटाला वारा सोसत नाही. आत भिवरा ठोकायची. हैबती जवळ बसून खोकायचा. बाहेरच्यांना ठोके ऐकू येत आणि खोकला ऐकू येई, दोन्ही एकाचंच आहे असं त्यांना वाटे.

पण नुसतं बसून माणूस किती खोकणार? हैबतीनं तीन दगडांची चूल मांडली. एका हातानं पाळणा हलवला, दुसऱ्या हातानं पिठलं हाटलं. त्याच्या हाताला चव होती. लसूण कधी टाकायचा, जाळ कधी काढायचा, त्याला न शिकवता येत असे. वास पालाबाहेर जाई. गडी दगड चढवता चढवता म्हणत, ‘हैबती दगड घडवतो ते खरं, पण भिवराच्या हातचं पिठलं म्हणजे पिठलं.’ आळीतल्या बाया वाडगा घेऊन येत. ‘भिवरे, घाल गं पळीभर. आमच्याच्यानं असं होत नाही.’ भिवरा हातावरची भुकटी पदराला पुसून पिठलं वाढी, आणि मान खाली घालून हसे.

अशी दीपमाळ वर वर चढत गेली. थरामागून थर. प्रत्येक थराला दिवे ठेवायचे हात, फुलाच्या देठासारखे वर वळलेले. लोक म्हणत, ‘वा हैबती.’

एके दिवशी भर दुपारी एक म्हातारी डोंगर चढून आली. डोक्यावर पाटा. पालाशी येऊन म्हणाली, ‘बाई, पाट्याला टाकी लावशील का?’ भिवरा बाहेर आली. पाटा मांडीशी घेतला, टाकी लावून दिला. म्हणाली, ‘आजी, दमलात. चार घास खाऊन जा.’ पान मांडलं. भाकरी वाढली, पिठलं वाढलं, कांदा फोडला.

म्हातारीनं हात धुतला. घास घेण्याआधी विचारलं, ‘बाई, दीपमाळ कोण घडवतं?’

भिवरा म्हणाली, ‘आमचे धनी.’

‘आणि हे पिठलं कुणी केलं?’

भिवरा म्हणाली, ‘मी.’

म्हातारीनं पान सरकवलं. म्हणाली, ‘एकाच तोंडानं दोन खोटी. माझ्या घशाखाली उतरायचं नाही.’ आणि पाटा डोक्यावर घेऊन निघाली.

भिवरा धावली, वाट अडवली, पाय धरले. ‘आजी, उपाशी जाऊ नका. माझं काय चुकलं? मी कुणाचं काही चोरलं नाही.’

म्हातारी म्हणाली, ‘नवऱ्याचं पिठलं चोरलंस. आपला हात त्याला देऊन टाकलास, तोही त्याला नको होता. दोघंही भिकारी झालात.’

‘मग मी काय करू? काही वसा असेल तर सांगा.’

‘तुला कशाला हवा वसा? घेशील, आणि कुणी पहिला टोमणा मारला की खाली ठेवशील.’

‘नाही ठेवणार.’

‘दुसऱ्या टोमण्याला ठेवशील.’

‘नाही ठेवणार.’

‘घरचं माणूस बोललं की ठेवशील.’

भिवरानं पाळण्याकडे बघितलं. म्हणाली, ‘नाही ठेवणार.’

मग म्हातारी म्हणाली, ‘तर ऐक. खंडेनवमीला पाटावर तांदूळ घालावे. त्यावर आपलं हत्यार ठेवावं. सुई असेल तिनं सुई ठेवावी, उलथनं असेल त्यानं उलथनं ठेवावं, टाकी असेल तिनं टाकी ठेवावी. हळदकुंकू वाहावं, फूल वाहावं. आणि वर्षभर एक नेम पाळावा. हे कुणी केलं असं कुणी विचारलं, की ज्याच्या हातानं झालं त्याचं नाव सांगावं. आपलं असेल तर आपलं, दुसऱ्याचं असेल तर दुसऱ्याचं. लाजून कमी सांगू नये, फुगून जास्त सांगू नये.’

भिवरानं विचारलं, ‘याचं फळ काय?’

‘फळ मागाहून कळेल. आधी लोक हसतील.’ म्हातारी परत पानावर बसली. आता भिवरानं सांगितलं, ‘आजी, पिठलं धन्यांनी केलं आहे.’ म्हातारी पोटभर जेवली, पान चाटून पुसून उठली, आणि दीपमाळेच्या सावलीत गेली ती दिसेनाशी झाली.

भिवरानं वसा घेतला.

दुसऱ्या दिवशी बाया वाडगे घेऊन आल्या. ‘भिवरे, पिठल्यात काय घालतेस ते सांग तरी.’ भिवरा म्हणाली, ‘मला ठाऊक नाही. धनी करतात, त्यांना विचारा.’ बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, ‘अगं, असं चारचौघींत बोलू नये.’ दुसरी म्हणाली, ‘आजारी असतील एक दिवस, म्हणून केलं असेल.’ भिवरा म्हणाली, ‘रोज तेच करतात. पोरीलाही तेच जोजवतात.’ तिसरीनं वाडगा पालथा केला आणि हसत हसत डोंगर उतरली.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. पाथरवट पारावर बसले होते. म्हणाले, ‘हैबती चुलीपुढे बसतो. पाळणा म्हणतो. त्याला हातोडी कशाला? त्याला आपण शोभेल ते देऊ.’ मग ते कासाराकडे गेले. मुद्दाम मोठ्या मापाच्या, पुरुषाच्या मनगटात जातील अशा हिरव्या लाखेच्या बांगड्या करवून घेतल्या. ताटात ठेवल्या, वर खण झाकला, आणि वाजतगाजत डोंगरावर पाठवल्या. ‘हैबतीबाईंना आळीकडून चुडा.’

हैबतीनं खण उचलला. बांगड्या पाहिल्या. गडी हसत होते. तो पालात आला, चूल विझवली. भिवराला म्हणाला, ‘माझ्या अब्रूचं पिठलं केलंस. काय गरज होती सांगायची?’ भिवरा म्हणाली, ‘विचारलं त्यांनी.’

‘विचारलं तर काहीतरी सांगायचं. जगात सगळे तेच करतात.’

असं म्हणून त्यानं हातोडी उचलली. पालाचा पडदा वर बांधला, सगळ्यांना दिसेल असा दगडापुढे उभा राहिला. एक घाव घातला. दुसरा घाव घातला. तिसरा घालताना छातीतून कळ आली, खोकला आला, खोकल्यातून रक्त आलं, आणि तो दगडावर आडवा झाला. गड्यांचं हसणं थांबलं. भिवरानं पडदा खाली सोडला. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड पुसलं.

‘चार जणांनी हसू नये म्हणून मरायचं का?’

‘पुरुषासारखा पुरुष मी, आणि—’

‘पुरुषासारखा म्हणजे कसा हो? मी जवळून पाहिलेला पुरुष एकच, तो तुम्ही. पोर रडली की तुम्हाला झोप लागत नाही. माझ्या हाताला फोड आले की तुम्ही तेल लावता. आता पुरुष म्हणून आणखी कुणाला घरात आणू?’

हैबतीला त्या दुखण्यातही हसू आलं. हसला, खोकला, परत हसला. संध्याकाळी उठला, चूल पेटवली. ताटातल्या बांगड्या एकेक करून हातात चढवल्या. मनगट हलवून बघितलं. म्हणाला, ‘लाख चांगली आहे. फेकून कशाला द्यायच्या?’ आणि पीठ भिजवायला बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो तसाच बाहेर येऊ लागला. बांगड्या वाजवत गड्यांना भाकरी वाढू लागला. गड्यांना हसावं की खावं कळेना. भूक लागली होती, म्हणून त्यांनी खाल्लं.

पण दगडाचं अजून कुणी विचारलं नव्हतं. ते सासूनं विचारलं. म्हातारीला दिसत कमी असे, पण कान तिखट. अंगणात बसून ती डोंगरावरचे ठोके ऐकत असे. भिवरा लेकीला घेऊन खाली आली तशी म्हणाली, ‘सूनबाई, तू खाली आलीस की ठोके थांबतात. तू वर गेलीस की सुरू होतात. दगड कोण घडवतं?’

लोक बोलले तर घराबाहेर बोलतात, सासू बोलली तर घरात बोलते. भिवरानं पदर खोचला आणि सांगितलं, ‘सासूबाई, मी घडवते.’

सासूनं कपाळाला हात लावला. म्हणाली, ‘माझ्या लेकाचा हात झडेल.’ भिवरा म्हणाली, ‘तिसऱ्या थरापासून मी घडवते आहे. त्यांचे दोन्ही हात भाकरी थापतात.’ सासू म्हणाली, ‘दगडाला तडा जाईल.’ भिवरा म्हणाली, ‘नाही गेला.’ सासू म्हणाली, ‘कारभारी हातोडी नेईल, मग माझी नात कुठं वाढेल?’ भिवरा म्हणाली, ‘ती भीती मलाही आहे.’ सासू उठली, खुंटीखाली जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलेनाशी झाली.

असं करता करता खंडेनवमी आली. भिवरानं पहाटे पाट मांडला. तांदूळ घातले. एका बाजूला आपली टाकी ठेवली, एका बाजूला हैबतीनं आपलं उलथनं ठेवलं. दोघांनी हळदकुंकू वाहिलं. सासू भिंतीकडे तोंड करून बसली होती. खुंटीवरची हातोडी मात्र तिनं आज काढून पुसून ठेवली होती.

संध्याकाळी नगर डोंगरावर लोटलं. राजा आला, राणी आली, कारभारी आला. पुरुष पुढे बसले, बाया मागे बसल्या. दीपमाळ उभी होती, हात पसरून. तिथं असा मान होता की राजानं विचारायचं, ‘हे कुणी घडवलं?’ घडवणाऱ्यानं पुढे यायचं, राजानं त्याला पागोटं बांधायचं, आणि घडवणाऱ्यानं पायथ्याच्या दगडावर आपली खूण कोरून पहिला दिवा लावायचा.

भालदार ओरडला, ‘राजाची दीपमाळ.’ राजानं पागोटं हातात घेतलं आणि विचारलं, ‘हे कुणी घडवलं?’

कारभारी म्हणाला, ‘हैबती पाथरवटानं, महाराज.’ हैबती उठला. हातातल्या बांगड्या वाजल्या. आळीतले पाथरवट हसू दाबून बसले. हैबती म्हणाला, ‘महाराज, चौथरा माझा आणि दोन थर माझे. गड्यांच्या भाकरी माझ्या. बाकीचं विचाराल त्याला उत्तर द्यायचा हक्क माझा नाही.’ आणि खाली बसला.

राजा गोंधळला. त्यानं परत विचारलं, ‘मग हे कुणी घडवलं?’

मागून, बायांमधून, आवाज आला, ‘मी.’

सगळ्या माना वळल्या. भिवरा उभी होती. कडेवर लेक. कारभाऱ्यानं आवाज मऊ केला. म्हणाला, ‘बाई, समजून बोल. नवऱ्याच्या हाताखाली चार दगड उचलले असशील. तेवढं म्हण आणि खाली बस. तुझ्या घराचं भलं होईल.’

भिवरा म्हणाली, ‘तिसऱ्या थरापासून कळसापर्यंत माझं आहे. चौथरा आणि दोन थर त्यांचे. कमी सांगत नाही, जास्त सांगत नाही.’

मग कारभाऱ्याचा आवाज चढला. ‘बाईची टाकी देवीच्या दगडाला लागली. दगड बाटला. याला तडा जाणार. ही दीपमाळ उतरवा, आणि यांच्या घरची हातोडी आत्ता आणा.’

बाया कुजबुजायला लागल्या. ‘काय गरज होती हिला. पागोटं घरातच गेलं असतं की.’ हैबतीचं तोंड उतरलं. मावशी सांगायची, तिथे भिवराला एकदा वाटलं, खाली बसावं. कडेवर लेक होती. हातोडी गेली तर तिचं काय? पण मग वाटलं, आज खाली बसले तर उद्या हिलाही बसवावं लागेल. ती बसली नाही. लोकांमधून वाट काढत पुढे गेली, आणि दीपमाळेला पाठ लावून उभी राहिली.

म्हणाली, ‘कारभारी, आज देवीला नैवेद्य काय?’

‘पुरणपोळीचा. त्याचं इथं काय?’

‘पुरण कशावर वाटलं?’

‘पाट्यावर. आणखी कशावर वाटतात?’

‘त्या पाट्याला टाकी कुणी लावली?’

बायांतून कुणीतरी म्हणालं, ‘हिनंच. श्रावणात लावून गेली.’

भिवरा म्हणाली, ‘देवळातला पाटा माझ्या हातचा, राजवाड्यातला माझ्या हातचा. त्याआधी माझ्या सासूच्या हातचा, त्याआधी तिच्या सासूच्या. देवी आजवर त्यावरचं खात आली. तिला बाटायचं असतं तर ती केव्हाच बाटली असती. आणि पाट्यावर टाकी चालते ती दीपमाळेवर चालत नाही, हे तुम्हाला देवीनं सांगितलं की तुम्हीच ठरवलं? तडा जाणार असेल तर जाऊ दे. मी टेकून उभी आहे, आधी माझ्या डोक्यावर पडेल. तोवर हातोडीला कुणी हात लावायचा नाही.’

सूर्य टेकला. सगळे दगडाकडे बघत राहिले. अंधारून आलं. दगडाला काही झालं नाही.

मग राजा विचारात पडला. म्हणाला, ‘रीत मोडली, हे खरं. दगड मोडला नाही, हेही खरं. मी काय करू?’

तेव्हा राणी उठली. इतका वेळ ती काही बोलली नव्हती. म्हणाली, ‘महाराज, या दीपमाळेचा नवस कुणी केला?’

राजा म्हणाला, ‘तुम्ही.’

‘उपास कुणी धरले?’

‘तुम्ही.’

‘मग भालदार राजाची दीपमाळ म्हणाला, तेव्हा मी गप्प का बसले, ते मला आता कळेना झालं आहे.’

राजा म्हणाला, ‘मग मी काय केलं?’

राणी म्हणाली, ‘आपण हुकूम दिलात. तेही काम आहे. पण तेवढंच.’

राजा मग हसला. पागोटं घेऊन खाली उतरला. कारभारी म्हणाला, ‘महाराज, बाईच्या डोक्यावर पागोटं कसं बांधणार? पदर आहे.’ भिवरा म्हणाली, ‘पदरावरून बांधा. डोकं आतच आहे.’ राजानं पदरावरून पागोटं बांधलं.

आता पायथ्याच्या दगडावर खूण कोरायची. आळीतल्या घराघराची खूण ठरलेली, बापाकडून आलेली. भिवराला कुणी खूण दिली नव्हती. ती दगडापुढे बसली. इकडे तिकडे बघितलं. हैबतीनं हात पुढे केला. मनगटातून एक हिरवी बांगडी काढली आणि दगडावर ठेवली. निदान मला आठवतं ते असं. काही जणी सांगत, तिनं आपल्याच हातातली काढली, आणि ते खरं असण्याचा संभव आहेच. असो. भिवरानं बांगडीच्या कडेकडेनं टाकी चालवली. ठोके पडत गेले, भुकटी उडत गेली, आणि दगडात बांगडी उमटली. ज्यांनी ताट पाठवलं होतं ते पाथरवट बघत होते.

मग तिनं पहिला दिवा लावला. पहिल्या थराचे दिवे लागले, दुसऱ्या थराचे लागले, तिसऱ्या थराचे लागले, कळसापर्यंत उजेड गेला. भालदारानं राणीकडे बघितलं, भिवराकडे बघितलं, आणि नवा पुकारा केला, ‘राणीच्या नवसाची, भिवराच्या हातची दीपमाळ.’ पुकारा पहिल्यांदा जरा अडखळला. दुसऱ्यांदा नीट आला.

गर्दीतून म्हातारी सासू काठी टेकत पुढे आली. दीपमाळ दिसत नव्हती, म्हणून तिनं हातानं चाचपली. थर चाचपला, देठासारखा हात चाचपला. मग इतक्या दिवसांनी सुनेशी बोलली. ‘सूनबाई, देवळापुढच्या नंदीचा डावा कान माझा आहे. मामंजींना ताप आला होता. मी आजवर कुणाला सांगितलं नाही.’ भिवरा म्हणाली, ‘सासूबाई, आता सांगितलंत.’ म्हातारी म्हणाली, ‘उजव्यापेक्षा बरा आहे तो.’

मग वसा नगरात पसरला. साळ्याची बायको म्हणाली, शालूचे काठ माझे. वैद्याची बहीण म्हणाली, काढा मी उकळते. एक पैलवान तालमीत उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या मुलांच्या गोधड्या मी शिवतो, कुणाला काही म्हणायचं असेल तर पुढे या. कुणी पुढे आलं नाही. सगळेच काही बदलले नाहीत. कारभारी मरेपर्यंत हैबतीची दीपमाळ असंच म्हणत राहिला. भिवरा भेटली की दर वेळी त्याला सांगे, ‘भिवराची.’ तो दर वेळी खाकरे. ती दर वेळी सांगे. तिला त्याचा कंटाळा आला नाही.

हैबतीचा खोकला पुरता गेला नाही, पण भुकटीतून सुटला म्हणून तो पुष्कळ जगला. लेक मोठी झाली. खुंटीवरची हातोडी तिनं स्वतः काढून घेतली.

जशी भिवरा टेकून उभी राहिली आणि दगड तिच्यामागे उभा राहिला, तसा तो तुमच्यामागे उभा राहो. जसं तिला तिचं काम मिळालं, हैबतीला त्याची चूल मिळाली, राणीला तिचा नवस मिळाला, तसं ऐकणाऱ्याला मिळो, सांगणाऱ्याला मिळो. ही साठां ठोक्यांची कहाणी पांचा ठोक्यांत सांगितली, देवीच्या दारी सुफळ संपूर्ण.

ही कहाणी मावशीकडून ऐकली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी सुनेबरोबर त्या डोंगरावर गेलो होतो. दीपमाळ आहे. नंदीही आहे. पायथ्याच्या दगडावर एक गोल कोरलेला आहे, तिथले लोक त्याला सूर्य म्हणतात. सुनेनं हातातली बांगडी काढून त्यात ठेवली. ती आत सैल पडली. सगळीकडून बोटभर जागा उरली.